झुंबरबाईंनी उभी ठेवलेली कमान

झुंबरबाई बैसाणे टेंभीपाड्याला आल्या, त्या तिथलं चर्च पाडायच्या कामावर.

शिरपूरहून सातपुड्याकडे तासभर गेलं की हे मेथडिस्ट चर्च लागतं. एकशे बारा वर्षांचं. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर सागाच्या कैच्या आणि मंगळुरी कौलं. पण उत्तरेची भिंत बारमाही ओली आणि मोठ्या दारावरच्या कमानीतले दोन दगड बोटभर खाली आलेले. चर्चच्या मंडळीने जड मनाने ठरवलं होतं, जुनं काढायचं आणि स्लॅबचं बांधायचं. मंडळीतल्या म्हाताऱ्या सुकाआबांचा मात्र जीव तुटत होता. त्यांच्या आजाने इथले दगड नदीतून डोक्यावर आणले होते.

झुंबरबाई सासष्ट वर्षांच्या, शिंदखेडा तालुक्यातल्या. वडील हिलाल चुन्याची घाणी चालवायचे. बैल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना आणि रेती मळली जायची, आणि लहानगी झुंबर मागून पाणी शिंपडायची. पुढे सिमेंट आलं, घाणी बसली. झुंबरबाईंच्या डोक्यावर घमेलं आलं ते चाळीस वर्षं उतरलं नाही. गवंडीकामाची फार हौस, पण थापीला हात लावला की मिस्त्री म्हणायचा, "बाई, तू माल दे." त्या माल देत राहिल्या, पण नजर त्याच्या हातावर.

पहिल्या दिवशी उत्तरेच्या भिंतीचं प्लास्टर काढायचं काम त्यांच्याकडे आलं. छिन्नी लावली तसा सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि मागून पाणीच ठिबकलं. त्याच्या आत जुना चुना होता. झुंबरबाईंनी नखाने खरवडून पाहिला. नख वळलं, चुना हलला नाही. त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि पाळक धर्मेंद्र यांना हाक मारली.

"पाळकसाहेब, ही भित सडेल नई शे. हिना वर सिमेंट कोनी लायं?"

"आम्हीच, वीस वर्षांपूर्वी. ओल थांबावी म्हणून."

"तठेच चुकनं. दगड-चुनानी भित पानी पिस आनि सोडस. तुम्हीन तिना तोंडच बांधी टाकं."

कामावरची इंजिनियर हेमांगी शिरपूरची, वयाने तरुण. ती पुढे आली. "आजी, तुमच्या शब्दावर मी इमारत ठेवायची म्हणता? उद्या कोणाच्या डोक्यावर पडली तर?"

"मना शब्दवर नको. दहा फूट भित मोकळी कर, एक महिना थांब आनि मंग तुनं यंत्र लाव."

हेमांगीने ते मान्य केलं. महिन्याने तिने ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं, आकडा पाहिला, पुन्हा लावलं. मोकळा केलेला पट्टा निम्म्याहून जास्त वाळला होता. तिने त्याच दिवशी पाडायचं काम थांबवलं आणि झुंबरबाईंना विचारलं, "कमानीचं काय करायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना काय करायचं ते विचारत होतं. त्यांनी उत्तरेच्या भिंतीचं उरलेलं सिमेंटही उतरवलं, खड्डा खणवून कळीचा चुना विझवला, महिनाभर मुरवला. त्यात विटांची भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. घाणी नव्हती, म्हणून मंडळीतल्या बायकांनी लाकडी मोगऱ्यांनी कुटून तो लोण्यासारखा केला. कमानीखाली लाकडी आधार उभारला. सरकलेले दगड वर घेतले, आणि थापी धरून झुंबरबाईंनी एकेक सांधा स्वतः भरला. दोन गवंडी खाली उभे राहून त्यांना माल देत होते.

मे महिन्यात आधार काढायचा दिवस आला. आसपासच्या पाड्यांवरून माणसं जमली. हेमांगीने कमानीसमोर मापाची दोरी ताणली आणि सगळ्यांना मागे हटवलं. एक गवंडी हातोडा घेऊन निघाला.

"थांब," झुंबरबाई म्हणाल्या. "मी बांधेल शे, मीच काढसू."

बांधलेलं खाली आलं तर मिस्त्रींचंच खरं ठरणार होतं. त्यांनी आधाराखालची पहिली पाचर ठोकून काढली, मग दुसरी. तिसरीला लाकूड करकरलं, आणि कोणीतरी मोठ्याने प्रार्थना म्हणू लागलं. शेवटची पाचर निघाली तसा आधार सुटून खाली बसला. वरून चिमूटभर धूळ पडली, बस्स.

हेमांगी दोरीशी गेली. दोरीपासून कमानीपर्यंत पट्टी लावली, परत लावली. "जराही हलली नाही!" ती ओरडली. "आजी, केसभरही नाही!"

ढोल घुमला. सुकाआबा दोन्ही हातांनी दगड चाचपत लहान मुलासारखे रडले. पाळकांनी दार सताड उघडलं आणि म्हणाले, "झुंबरअक्का, आज आत पहिलं पाऊल तुमचं." झुंबरबाईंनी पदराने हात पुसले आणि ताठ मानेने कमानीखालून आत गेल्या. मागून अख्खं गाव.

पावसाळा भरपूर झाला. दिवाळीच्या सुमाराला हेमांगीने यंत्र लावलं तेव्हा उत्तरेची भिंत कोरडी ठणठणीत होती. पाडायचा ठराव मंडळीने एकमताने रद्द केला.

आता दोंडाईच्यात एका जुन्या धर्मशाळेचं काम झुंबरबाईंकडे आहे, हाताखाली सहा बाया थापी शिकताहेत. परवा तिथला मुकादम घाईला आला. "अक्का, चुना झाला ना तयार? द्या की लावायला."

झुंबरबाईंनी बोटावर चुना घेऊन चोळून पाहिला आणि खड्ड्यावर ओलं पोतं ओढलं.

"पंधरा दिन आखो मुरू दे," त्या म्हणाल्या आणि बायांना घेऊन भाकरी खायला बसल्या.