पिठावरचं पाऊल

वाचनालयाच्या बाकावर पंधराएक वर्षांची एक मुलगी भुताची कादंबरी वाचत बसली होती. पुस्तक मिटून ती ग्रंथपाल बाईंना म्हणाली, "काकू, यातला मेलेला भाऊ बहिणीला भेटायला येतो. पुढचा भाग आहे का?" डोळे ओले होते तिचे, चेहरा मात्र निवलेला. मला त्या कागदावरच्या बहिणीचा हेवा वाटला.

आमचा दादा गेला तेव्हा मीही एवढीच होते. दिव्यापाशी ताटात पीठ पसरून त्यावर टोपली झाकली होती. गेलेल्याला पुढचा जन्म ज्याचा मिळतो, त्याचं पाऊल सकाळी पिठावर उमटतं म्हणतात. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी टोपली उचलली. पीठ तसंच होतं, सपाट. आईनं कालपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी तीन बोटं पिठात टेकवली आणि टोपली परत झाकली.

"पाखराचं पाऊल!" धाकटी सुमी ओरडली. आई खूप रडली, मग चहा प्यायली.

आज सुमी चाळिशीची आहे. खिडकीत चिमणी आली की हातातलं काम टाकून तिला तांदूळ घालते. कालही हाक मारली, "ताई, लवकर ये, दादा आलाय." मी गेले. ती चिमणीला घरातलं सगळं सांगत होती, अगदी माझ्या गुडघेदुखीसकट. इतका मत्सर मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

तिला दादा मीच दिला, या तीन बोटांनी. मला कुणी द्यायचा?