कडकदादांची फुंकर

फळीवरची ती सिगारेट त्यांनी एव्हाना पेटवली असेल का? संध्याकाळपासून हा एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. एरवी या वेळी माझा जीव मुलासाठी टांगणीला लागलेला असतो. तो मघाशीच येऊन झोपला, तरी मी जागीच आहे.

कडकदादा आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्री करतात. तीन बाजूंनी पत्रा, समोर टेबल, आणि थंड वारा सुटला की पुढून ओढायची एक फळकुटांची झडप. तिथवर वीज आलेली नाही, म्हणून इस्त्री कोळशाची. घडी केलेला शर्ट हातात देताना ते "कडक!" म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव मला दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिताना कळलं.

हो, त्यांना दवाखान्यात मीच नेलं. वस्तीतल्या त्या छोट्या दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी मी रजिस्टर लिहायला जाते. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना तिथे चघळायच्या गोळ्या फुकट मिळतात. बाहेर त्या दादांसारख्यांना परवडत नाहीत. सुटी सिगारेट परवडते.

"फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार, ताई," ते म्हणाले होते.

"गोम एवढीच, की दर खेपेला एका मशीनमध्ये फुंकर मारायची. किती ओढता ते आकड्यात कळतं."

"म्हणजे बायकोसारखंच की! तीसुद्धा तोंडाजवळ येऊन वास घेते."

पहिल्या खेपेला आकडा आला एकतीस. दिवसाला वीस सिगारेटी. फुंकर मारून त्यांना ठसका लागला, तरी म्हणाले, "एवढी फुंकर निखाऱ्यांवर मारली असती तर चार पँटी झाल्या असत्या!" सिस्टर हसल्या, मीही हसले. दुसऱ्या खेपेला आकडा अठरावर आला. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली आणि बजावलं, पुढच्या खेपेला दहाच्या आत यायला हवा. गोळ्या मोजक्या आणि वाट पाहणारे पुष्कळ. जो सोडत नाही त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं, असा तिथला नियम.

तिसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊन आले. टपरी लवकर बंद करता आली नव्हती, इस्त्री खाली ठेवून तसेच धावत आले होते. वहिनी मात्र ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. याआधी चार वेळा "सोडली" म्हणून दादांनी वहिनींना फसवलं होतं. आता पुन्हा फसवलंत तर मी लेकीकडे निघून जाईन, असं वहिनींनी सांगून ठेवलं होतं. म्हणून तर दादांना आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत यायला हवा होता.

"बघ आता," ते बायकोला म्हणाले आणि फुंकर मारली.

सतरा.

"पुन्हा मारतो." पुन्हा सतरा.

"ताई, चोवीस दिवस झाले. एक झुरका नाही. लेकीची शपथ."

आता मी जे केलं ते लिहिते. त्याच दिवशी सकाळी मुलाच्या जीन्सच्या खिशात मला लायटर सापडला होता. तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "मित्राचा आहे गं आई, तुझी शपथ." शपथ हा शब्द त्या दिवशी मला दुसऱ्यांदा ऐकवेना. मी रजिस्टरातून मान वर केली आणि दादांशी नाही, वहिनींशी बोलले.

"वहिनी, माणूस काहीही म्हणेल. मशीनला खोटं बोलता येत नाही."

वहिनी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलून एकट्याच बाहेर पडल्या. दादांनी खिशातून उरलेल्या गोळ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, अगदी नीट, घडी केलेला शर्ट ठेवावा तशा. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'खरं सांगत नाहीत.' अक्षर किती सुंदर आलंय ते!

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. वहिनी लेकीकडे गेल्याचं गल्लीतून कळलं. मी दोन आठवडे कपडे घरीच इस्त्री केले, टपरीवरून जायला नको म्हणून. शेवटी आज दुपारी गेले. वारा होता, झडप ओढलेली होती. आत स्टुलावर तासभर बसून मी त्यांना समजावत राहिले, की चुकतं माणूस, पुन्हा या, पुन्हा नाव घालू. ते इस्त्री फिरवत होते. माझं डोकं जड झालं, तेही मला माझ्या बोलण्यामुळेच वाटलं.

फळीवर एक सिगारेट होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"कालच आणलीय. अजून पेटवली नाही," ते म्हणाले. "पण ताई, आता मी ओढली काय आणि न ओढली काय. घरात वास घ्यायला कोण आहे?"

तिथून मी सरळ दवाखान्यात गेले. मशीन नीट चालतंय का ते बघायला, मी असते त्या दिवशी पहिली फुंकर मीच मारते. आकडा एक येतो, फार तर दोन. आज नऊ आला.

"अगं बाई! ताई, तुम्ही कधीपासून?" सिस्टर खो खो हसल्या. पुन्हा मारली. पुन्हा नऊ.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे होतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोळशाची इस्त्री? बंद जागेत? अहो, सिगारेटच्या धुरातला जो वायू हे मशीन मोजतं, तोच कोळशातूनही निघतो. दिवसभर तिथे उभं राहणाऱ्याचा आकडा खाली येणार कसा? हे मला कुणी सांगितलं का नाही?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : 'स्वतंत्र व्यवसाय.' इस्त्रीवाला लिहिणं मला बरं वाटलं नव्हतं. त्यांचा मान राखायला गेले होते मी! त्यांचं काम डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं, सिस्टरना ठाऊक होतं ते निखाऱ्यांच्या त्या एका विनोदापुरतं. मला पुरतं ठाऊक होतं. त्या निखाऱ्यांनी तापलेल्या इस्त्रीचे शर्ट मी वर्षानुवर्षं घरी आणतेय.

दादांचं नाव पुन्हा लागलं. सकाळी, कोळसा पेटवण्याआधी फुंकर घ्यायची आणि झडप उघडी ठेवायला सांगायचं, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलंही. हे सांगायला मी धावत टपरीवर गेले, तर ती बंद. त्यांचा फोनही बंद. उद्या सिस्टर निरोप देतील. त्यांचं काम त्या चोख करतील.

पण सिस्टर निरोप देतील तो गोळ्यांचा. दादा खोटारडे आहेत हे डॉक्टरीणबाईंनी नव्हतं सांगितलं, मशीननेही नव्हतं. मी सांगितलं, आणि तेही त्यांच्या बायकोला. लायटर माझ्या मुलाच्या खिशात होता आणि तोंडघशी पडले ते. इकडे मुलाला मी अजून धड एक शब्द विचारलेला नाही.

रजिस्टरात दादांच्या नावाखाली दुसरा एक नंबर आहे, वहिनींचा. तो मी येताना उतरवून आणलाय. साडेअकरा वाजलेत. इतक्या रात्री फोन वाजला की बाईच्या काळजात धस्स होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सकाळी करावा असं मघापासून स्वतःला समजावतेय. पण सकाळपर्यंत मला दहा कारणं सुचतील, आणि वहिनींना मात्र आणखी एक रात्र वाटत राहील की त्यांचा नवरा लेकीची खोटी शपथ घेतो.

वही मिटते. फोन आत्ताच करते.