दुसरी कुणाकडे?

किल्लीवाले काका माणूस तसा मोकळा, पण धंद्याच्या बाबतीत महाहट्टी. साबणावर उठवलेला ठसा घेऊन कुणी आलं, की ते त्याला बसासुद्धा न म्हणता वाटेला लावत. कुलूप समोर हवं, नाहीतर कुलपाचा मालक. किल्ल्या नेहमी दोन करत, दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत आणि वर विचारत, "दुसरी कुणाकडे ठेवणार?" लोक हसत. आपल्याच दाराबाहेर अडकलेला माणूस घामाघूम होऊन दुकानात आला, की मात्र त्याला या प्रश्नाचं हसू येत नसे. एकदा किल्ली दिली, की तिनं कोणतं दार कधी उघडलं याची चौकशी काका करत नसत. ते आपले पुढची किल्ली घासायला घेत.

घरात ते, काकू आणि परगावी नोकरी करणारी एकुलती एक लेक. तिघांच्या तपासण्यांचे कागद कपाटावरच्या एका फुगलेल्या पिशवीत कोंबलेले असत. काकांच्या रक्ताचा रिपोर्ट शोधायला हात घालावा, तर लेकीच्या दाताचा एक्स-रे बाहेर यायचा. शेवटी एका सुट्टीत लेकीनं ठाण मांडलं, कागदांचे फोटो काढले आणि आरोग्याच्या नोंदींचं खातं उघडून सगळं ऑनलाइन चढवून टाकलं. तिघांचं मिळून एकच खातं, एकच पासवर्ड.

"एका किल्लीनं तीन खोल्या?" काकांनी नाक मुरडलं. "असलं कुलूप मी दुकानात ठेवणार नाही."

"बाबा, घर आपलंच आहे ना?"

पुढं काकूंच्या पोटात कळा उठल्या, तेव्हा अनोळखी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच जुने रिपोर्ट चाळले. काकूंना कोणतं औषध सोसत नाही तेही तिथंच दिसलं आणि मोठं संकट टळलं. त्या दिवसापासून काका दुकानात येईल त्याला खात्याचे गोडवे ऐकवू लागले.

मग एका सकाळी अर्धी कापलेली किल्ली हातात धरून ते मशीनपाशी उभे राहिले. ती कुणाची, हे काही केल्या आठवेना. गिऱ्हाईक समोरच उभं होतं.

असं आणखी काही वेळा झालं. तेव्हा "कोऱ्या किल्ल्या आणायला जातोय" असं काकूंना सांगून ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डोक्याचं स्कॅन झालं, चित्रं ओळखून झाली, शब्द आठवून झाले, बरेचसे आठवलेच नाहीत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. विस्मरणाचा आजार होता, सुरुवात होती, औषधांनी त्याची चाल थोडी मंद करता येणार होती.

"रिपोर्ट तुमच्या खात्यावर टाकतो," डॉक्टर म्हणाले.

लेक लवकरच नव्या कामासाठी परदेशी निघाली होती. त्या कामासाठी तिनं कित्येक वर्षं जिवाचं रान केलं होतं. खातं ती अधूनमधून बघायचीच. हे वाचलं असतं, तर तिनं भरलेली बॅग तिथल्या तिथं रिकामी केली असती. आपल्या डोक्यापायी पोरीचे पाय अडकावेत, हे त्यांना आजारापेक्षा जास्त झोंबलं.

"त्या खात्यावर नको," ते म्हणाले. "माझं एकट्याचं वेगळं काढा."

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी वेगळं खातं काढून दिलं. पासवर्ड काकांनी स्वतः ठरवला आणि कुठंही टिपून ठेवला नाही. दाराशेजारच्या खिळ्याला किल्ली टांगणाऱ्यांना ते जन्मभर हसत आले होते. बऱ्याच दिवसांनी एक काम चोख झालं, असं वाटून ते घरी आले.

पुढच्या खेपेला त्यांना दुसऱ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांकडे पाठवलं गेलं. तिथं आधीचा रिपोर्ट मागितला. काकांनी फोन काढला. बोट अक्षरांवर फिरलं आणि थांबलं. काहीतरी घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं, कपाळ चोळून पाहिलं. खातं बंद झालं.

"काळजी करू नका, ओळखपत्र दाखवलंत की नवा पासवर्ड मिळेल," तिथल्या खिडकीवरची मुलगी म्हणाली. "पण पुन्हा अडकलात तर? खातं बघता येईल असं दुसरं कुणी आहे का? त्यांचं नाव घालते."

काका बाकावर बसले. हा प्रश्न त्यांनी अख्ख्या गावाला विचारला होता. आज त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती.

"घाला," ते म्हणाले. "बायकोचं घाला."

घरी काकू उशांना अभ्रे चढवत होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकूंनी हातातला अभ्रा पुरता चढवला, उशी खाली ठेवली आणि त्या खाली बसल्या.

"म्हणजे कोऱ्या किल्ल्या आणायला गेला होतात ते हे."

"हो."

"लेकीचं एक वेळ समजू शकते. पण मलाही वगळलंत?"

"तुझा चेहरा बघून तिनं ओळखलं असतं."

"मग ओळखलं असतं!" काकूंचा आवाज चिरकला. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आता तुझं नाव घातलंय," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "काय बघायचं ते बघ. फक्त ती निघेपर्यंत तिला सांगू नकोस."

"किल्ली माझ्या हातात द्यायची आणि ती कधी लावायची ते तुम्ही सांगायचं? गिऱ्हाइकांना सांगता का असं?"

काका उशीचा अभ्रा उगाच सरळ करू लागले.

"ती तिकडं असताना तुम्ही तिचं नाव विसरलात, तर मी काय तोंडानं सांगू तिला? जायचं की राहायचं ते तिचं तिला ठरवू दे. कळून सवरून ठरवू दे."

काकूंनी फोन लावला. तो हिसकावून घ्यावा असं काकांच्या मनात आलं, पण त्यांनी हात आवरला.

"हां आई, बोल," पलीकडून आवाज आला. मागं कपाटाचं दार आपटल्याचा आवाज होता, सामान भरणं चाललं असावं.

काकूंनी फोन काकांच्या हातात दिला आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या.

"आई? ऐकू येतंय का?"

"बाळा, मी बोलतोय," काका म्हणाले. "तुला एक सांगायचंय. आठवतंय तोवर सांगतो."