वरचे पुढचे सहा

गल्लीत सगळे त्याला बत्तिशी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं. गेली बावीस वर्षं तो एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होता. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतात, ते माप लॅबमध्ये येतं, त्यात प्लास्टर ओतलं की माणसाचा जबडा टेबलावर उभा राहतो. त्या जबड्यावर मेणात दात बसवायचं काम बत्तिशीचं. हात असा की आपला दात खरा की खोटा हे चार दिवसांनी खुद्द मालकच विसरून जाई. आणि गंमत बघा, या माणसाला तोंडाचीच किळस.

किळस म्हणजे साधीसुधी नव्हे. मापं कधी धुतलेली येत, कधी तशीच. लगद्यात रक्ताचा धागा, कुणाच्या जेवणातली पालेभाजी, कुणाच्या दातावरून निघालेली पिवळी खपली. बत्तिशी हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवी, नाकाला रुमाल बांधी, चिमट्याने माप उचलून नळाखाली धरी आणि औषधाच्या पाण्यात बुडवून पाठ फिरवी. "माणसाचं तोंड म्हणजे झाकण लावलेलं गटार," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्याने ते इतक्यांदा ऐकलं होतं की बत्तिशी "माणसाचं" म्हणाला की पुढचं तोच पुरं करून टाकी.

ही शिसारी घरीही त्याच्याबरोबर येई. जेवताना कुणाचा मचमच आवाज झाला की ताट सरकवून उठणार, बेसिनमध्ये थुंकी दिसली की घर डोक्यावर घेणार. घरात होतं तरी कोण? लेक लग्न होऊन गेलेली. म्हणजे सगळं बायकोच्या वाट्याला. ती बिचारी मुळात हसरी, घरी बसून शिवणकाम करणारी. तिचा डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर जरा चढून बसलेला होता, त्यामुळे हसली की थोडी लबाड दिसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी बत्तिशी त्या दातावर अगदी खूश होता. नंतर बघायचंच राहून गेलं.

दीड वर्षापूर्वी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. एके सकाळी बेसिनमधलं गुलाबी पाणी वाहून जायचं राहिलं आणि नेमकं याच्या नजरेस पडलं.

"अगं, खाटकाचं दुकान काढलंस की काय इथं? थुंकायचं तर मागच्या नळावर जा ना!"

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून रोजच जाऊ लागली आणि याला हायसं वाटलं. मला या गोष्टीचा अजून संताप येतो. प्लास्टरचा जबडा हातात घेऊन हा माणूस कुठल्या बाजूने चावतो ते जो सांगू शके, त्याने घरातल्या रक्ताचं कारण एकदाही विचारलं नाही.

विचारलं ते तिच्या थोरल्या बहिणीने. ताईचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. "ते काय, उपटून हातात देतात. माझं ऐक," म्हणत तिने पिशवीभर औषधं आणून ओतली. सकाळी तुरटीच्या गुळण्या. दुपारी हळद आणि मीठ तिळाच्या तेलात कालवून हिरड्यांना चोळायचं. संध्याकाळी पेरूच्या पानांचा काढा. दाढ दुखली तर लवंगेच्या तेलाचा बोळा, आणि फारच ठणकली तर ठेचलेला लसूण गालात धरायचा. बरं, गुण अगदीच येत नव्हता असं नाही. तुरटीने रक्त चार दिवस थांबे. लवंगेने ठणका तासभर बधिर होई. पण दातांच्या मुळाशी दगडासारखी साचलेली खपली काढ्याने थोडीच सुटते? ती हिरडीखाली सरकत राहिली आणि दात आतून सुटे होत गेले.

हे सगळं बत्तिशीला तोंडपाठ होतं. "लवंग दुखणं झोपवते, रोग जागाच असतो," असं त्याने पॉलिशवाल्याला शंभरदा ऐकवलं असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरी त्याला फक्त वास कळे: वर लवंग, मध्ये लसूण आणि खाली काहीतरी कुजलेलं. मेलेल्या उंदरावर कुणी अत्तर शिंपडलं असावं तसा. पंख्याचा आवाज सोसत नाही असं सांगून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. बायको त्याच्या मागून जेवू लागली. बोलताना तळहात तोंडावर. पाव चहात बुडवून, त्याचा लगदा करून गिळताना ती एकदा त्याला दिसली, तेव्हा पुढचे दात चावायच्या कामाचे राहिले नसणार हे कुणालाही कळलं असतं. याला मळमळलं आणि तो बाहेर फेरी मारायला निघून गेला.

मग त्या गुरुवारी चारशे सतरा नंबरचं माप आलं. लॅबमध्ये नावं येत नाहीत, पेशंटच्या कार्डावरचे नंबर येतात. डॉक्टरही नवे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचे. चिठ्ठीवर लिहिलेलं: 'स्त्री पेशंट. वरचे पुढचे सहा. सोमवारी काढणार, त्याच दिवशी बसवायचे.' अशा कामात दात अजून पेशंटच्या तोंडात असतात. प्लास्टरच्या जबड्यावरचे दात कारागिराने करवतीने एकेक कापायचे आणि त्या जागी नवे लावायचे, म्हणजे पेशंटला एक दिवसही बोळकं घेऊन फिरावं लागत नाही.

माप उघडलं आणि बत्तिशीने मान झटकन मागे घेतली. "शी! लवंग, लसूण, सगळं आहे यात. बाईने तोंडाचं लोणचं घातलंय!"

पॉलिशवाला हसला.

"हसतोस काय? हिरड्या बघ, कुठल्या कुठं गेल्यात. दात पंख्यासारखे पसरलेत. एवढं कुजेपर्यंत हिच्या घरचे काय झोपा काढत होते?"

प्लास्टर भरलं, सुकलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने करवत घेतली. उजवा सुळा कापला. मग त्याच्या शेजारचा, मग मधला. चौथा दात कापून निघाला तेव्हा त्याच्या कडेला एक बारीक खाच दिसली. दातांनी दोरा तोडणाऱ्या बायकांना अशी खाच पडते. "शिवणकाम करते," तो म्हणाला. पाचवा कापला. त्याची एक बाजू चपटी घासलेली होती. आता हा दात इतका लांब, एकटा उभा होता. मग घासला कुणाला? कुठला दात कुठं घासला ते शोधायची वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. त्याने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि पाचवा चौथ्यावर सरकवून पाहिला. घासलेली बाजू बरोबर बसली. दात शेजारच्या दातावर जरासा चढला.

बत्तिशीने ते दोन तुकडे टेबलावर ठेवले. हातमोजे काढले आणि दवाखान्यात फोन लावला.

"चारशे सतरा. सहाही काढायलाच हवेत का डॉक्टर?"

"अहो, बोटाने हलतात ते. वर्षभर आधी आल्या असत्या तर साफ करून वाचवले असते. आता खालचे बघायचे, काही राहतीलसं वाटतंय. का, मापात काही अडचण?"

"नाही," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उरलेला सुळा त्याने कापला. करवत प्लास्टरच्या हिरडीत घुसली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी गेला. बायको ओट्यापाशी लसूण ठेचत होती. दारातूनच तो म्हणाला, "सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर."

"कुठं?"

"चारशे सतरा नंबर."

तिने बत्ता खाली ठेवला. एवढा मोठा माणूस रडवेला होऊन समोर उभा, आणि ही बाई पहिलं काय बोलली असेल?

"धुवून पाठवलं होतं ना त्यांनी? वास आला असेल तुम्हाला." तळहात तोंडावर होताच. "म्हणूनच मी एवढ्या लांबचा डॉक्टर बघितला हो. म्हटलं, तुमच्या हाताखाली यायला नको. दोन बस बदलून जाते."

त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की बावीस वर्षांच्या मापांतही आली नसेल. "तोंड उघड," तो म्हणाला.

"नको."

"उघड म्हणतो ना."

"अहो, जेवायचंय अजून तुम्हाला."

त्याने तिचा हात धरून खाली केला, तिला दिव्याखाली आणलं. शेवटी तिने तोंड उघडलं. वास आलाच. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या, एका दाताच्या मुळाशी पू दिसत होता. बत्तिशीला कोरडी ओकारी आली. तिला ते कळलं आणि तिने ओठ मिटले.

"सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

तो घटाघट प्यायला. "परत उघड. खालचे बघायचेत."

त्याने उघड्या बोटाने खालची पहिली दाढ दाबली. हलली. दुसरी हलली नाही. तिसरीही नाही. बोट बाहेर आलं तेव्हा लाल होतं. ते त्याने शर्टाला पुसलं आणि दुसऱ्या बाजूची दाढ चाचपायला घेतली.