तळाचं ताट

नामदेवभाऊ रोज सकाळी पाण्यात ताट सोडायचे. जेवायचं, स्टीलचं. अमरावतीच्या आमच्या पोहण्याच्या तलावावर ते जीवरक्षक होते. मी बायकांच्या वेळेला कपडे सांभाळायची. ताट डुलत डुलत खोल बाजूच्या तळाशी जाई आणि दिवसाच्या चंद्रासारखं पडून राही. "ताट दिसलं त मानूस बी दिसन," भाऊ म्हणत. नाही दिसलं, तर तलाव बंद.

बायकांवर सारखे खेकसायचे. "पयू नका व, ओली फरशी तुमची मावशी नाई लागत!" उथळ बाजूला कुणी सूर मारायला गेलं की, "वहिनी, मान एकच हाय!" मला सांगत, "बुडनारं मानूस वरडत नाई, बाई. चूपचाप जाते." म्हणून ते मधूनमधून नावं पुकारत आणि पाण्यातून 'हो' ऐकत.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. नोकरीच्या भीतीने कुणाला सांगितलं नाही. फक्त मला ठाऊक. ताट सोडलं की हळूच विचारत, "शांताबाई, दिसते काय?" मी पाहून सांगायची.

एका उन्हाळ्यात पाणी तीन दिवस गढूळ राहिलं. चौथ्या दिवशी बायका माझ्यावरच उलटल्या. एक जण म्हणाली, "मावशी, तिवस्याहून येतो मी, रोज वापस जाऊ काय?" मला कटकट नको होती. पाण्यावर नुसतं हिरवं ऊन हलत होतं. मी म्हटलं, "दिसते."

अर्ध्या तासाने तिवस्याच्या बाईचा 'हो' आला नाही. भाऊंनी उडी घेतली. पाणी पुन्हा शांत, सुंदर. मग त्यांचा हात वर आला; हातात ताट. ते फेकून पुन्हा खाली गेले, चाचपडत. बाईला घेऊनच वर आले. तिने पाणी ओकलं, जगली.

भाऊंनी ताट माझ्यापुढे ठेवलं. "खोटं तुमी बोलल्या. पन पाह्याचं काम माह्यं होतं." त्याच दिवशी ऑफिसात डोळ्यांचं सांगून ते आपल्या गावी, हिवरखेडला निघून गेले. माझं नाव घेतलं नाही. मीही सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर एकदाच आले. नव्या रक्षकाला ताट सोडायला लावलं. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी माझ्याकडे वळले.

"शांताबाई, दिसते काय?"

मी कितीतरी वेळ पाण्यात पाहत राहिले.

"ताटाचा काठ पुसट दिसते, भाऊ."

"मंग?"

"बंद."

बायका दारात कुरकुरत होत्या. मी जाऊन कडी लावली.