फुटाण्यांच्या ड्रममधली काफी

माझ्या सासूबाई तंजावरच्या मराठी. सासऱ्यांना जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्या इथे आल्या, येताना पितळेचा फिल्टर, हातानं फिरवायची चक्की आणि कॉफीच्या हिरव्या बियांची पिशवी घेऊन. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं मराठी मला अर्धंच कळायचं. ‘सगळे’ला त्या ‘अस्के’ म्हणायच्या आणि कॉफीला ‘काफी’. माझं माहेर विदर्भातलं, पक्कं चहावालं. आमचं जमलं ते कढईपाशी. अम्मा लोखंडी कढईत बिया भाजायच्या, मी उलथनं फिरवायची, आणि वास सुटला की कॉलनीतलं कुणी साखर मागायला यायचं, कुणी कालचा पेपर. कॉफी घेतल्याशिवाय मात्र कुणी जात नसे.

नवरा रेल्वेतून रिटायर झाला आणि आम्ही जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यात राहायला आलो. खाली एक दुकानाची खोली होती. म्हटलं, इथेच कॉफी भाजून विकू. भाजायचं मशीन बघायला गेलो तर ते आमच्या अरुंद गल्लीतून आत येण्यासारखंच नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं की जवळच पनागरला एक चणे-फुटाणेवाले दुकान बंद करून मुलाकडे चाललेत, त्यांचा भाजायचा ड्रम आहे. आम्ही टेम्पोतून तो घेऊन आलो. जाड पत्र्याचा, खाली गॅसची शेगडी, बाजूला फिरवायचा दांडा. अम्मांनी त्याच्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, “बरा आहे.”

पहिल्यांदा भाजलं तो रविवार होता. अम्मा खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं काम फक्त वास घ्यायचं. दांडा माझ्याकडे, गॅस नवऱ्याकडे. बिया पिवळ्या झाल्या, मग बदामी, आणि त्यांची पातळ फोलपटं खोलीभर उडायला लागली. माझ्या केसांत, अम्मांच्या चष्म्यावर, सगळीकडे. मला उगाचच हसू यायला लागलं.

“अहो, गॅस काहून वाढवून राहिले?”

“जरा लवकर होईल ना,” नवरा म्हणाला.

लवकरच झालं. खाली पडलेल्या फोलपटांनी भपकन पेट घेतला आणि एवढा धूर झाला की मला माझाच हात दिसेना. बाहेर कुणीतरी ओरडलं, “आग लगी! आग लगी!” समोरचे हलवाई भैया बादली घेऊन धावत आले आणि पुढचा-मागचा विचार न करता त्यांनी ती आत फेकली. आग आधीच विझली होती. सगळं पाणी नवऱ्याच्या अंगावर.

“दांडा सोडू नको!” अम्मा ओरडत होत्या. मी सोडला नाही. बिया वाचल्या.

धूर विरला तेव्हा दारात अख्खी गल्ली उभी. अम्मा खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “अस्के आलेत. आता काफी दिल्याशिवाय कसं पाठवायचं?”

“अम्मा, आपला फिल्टर सहा जणांचा आहे!”

पण गल्लीनं ऐकलंच नाही. शेजारच्या काकी सूप घेऊन आल्या आणि बिया पाखडून थंड करायला लागल्या. चक्की एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहिली, तरी पुरेना, तेव्हा कुणीतरी मिक्सर आणला. वरच्या मजल्यावरच्या भैयाजींचं बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान. त्यांनी कोरी मलमल पाठवली, ती उकळत्या पाण्यातून काढून आम्ही तिच्यातून अर्क गाळला. हलवाई भैयांनी दुधाची कढईच उचलून आणली, बहुधा त्या बादलीची भरपाई म्हणून. नवरा ओल्या कपड्यांत पेले वाटत होता.

पहिला घोट हलवाई भैयांनी घेतला आणि पेल्यात डोकावून पाहिलं.

“दीदी, इसमें तो चने की खुशबू आ रही है!”

अम्मांनी पेला उचलला, एक घोट घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची घराण्याची काफी मी फुटाण्यांच्या ड्रममध्ये घालवली. अम्मांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. “फुटाण्यांची काफी!” एवढंच त्यांना बोलता आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गल्लीला शब्द कळला नाही, पण हसणं कळलं, आणि मग कुणालाच थांबता येईना. काकींनी तर सूप बाजूला ठेवून जमिनीवर बसकण मारली.

त्यानंतर आठवडाभर आम्ही तो ड्रम राख लावून घासला. पुढच्या रविवारी कॉफी अगदी अम्मांच्या मनासारखी उतरली. लोक पेले घेऊन आले, प्याले, आणि एकमेकांकडे बघायला लागले.

“अच्छी है,” काकी चाचरत म्हणाल्या. “पर वो चने वाली नहीं है क्या?”

अम्मांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. “चणे हवेत तर वाटीत देते! काफीत नाही!” आणि खरोखरच दिले. तेव्हापासून आमच्याकडे रविवारची कॉफी मूठभर गरम फुटाण्यांसकट मिळते. आठवडाभर दुकान असतं, रविवारी ते गल्लीचं होतं.

गेल्या रविवारी इतकी माणसं आली की हलवाई भैयांनी आपली बाकं आमच्यासमोर मांडली. कॉफी पिता पिता काकींना कुठलंसं बुंदेली लग्नातलं गाणं आठवलं. आणखी एकीनं दुधाच्या कॅनवर ताल धरला. अम्मा चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत होत्या आणि नवरा फोलपटं भरलेल्या डोक्यानं नाचत होता. मी दांडा धरून ओरडले, “अरे, कुणीतरी इकडे या, बिया होऊन राहिल्या!” गल्लीतल्या दोघी आल्या. एकीनं दांडा घेतला, दुसरीनं माझा हात धरून मला नाचणाऱ्यांच्या गोलात ओढलं.