सुनंदाच्या बॅटवरची दुसरी ग्रिप

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही — पण सांगते.

नांदेडला कॉलेजात असताना आमच्या मुलींच्या टीममधल्या सगळ्या बॅटींना ग्रिप चढवायचं काम माझ्याकडे होतं. ग्रिप म्हणजे दांड्यावरची रबरी नळी. जुनी कापून काढायची, दांड्याचा दोरा सुटला असेल तर गुंडाळायचा, पावडर लावून नवी खाली ओढायची. काम किरकोळ, पण दांडा थोडा जरी जाड झाला तरी बॅट परकी वाटते — खालचा हात आवळला जातो, मनगट वळत नाही, चेंडू लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. मोठ्या पंजाच्या मुली हौसेनं एकावर एक दोन ग्रिप मागायच्या. सुनंदाला कायम एकच.

सुनंदा हदगावकडची, माझी रूममेट. हात एवढेसे, पण कव्हर ड्राइव्ह असा मारायची की बघत राहावं. मी जळत होते का तिच्यावर? जळत होते. एवढं तरी सरळ लिहिते.

लातूरला निवड चाचणी होती. आमच्यातली एकच बॅटर घेणार, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणजे ती, नाहीतर मी. आदल्या दुपारी तिनं फाटक्या ग्रिपची बॅट माझ्या मांडीवर टाकली आणि मेसला गेली. मी जुनी काढलीच नाही. तिच्यावरच नवी चढवली. कंटाळा होता? घाई होती? हात आपोआप चालत होते, डोकं दुसरीकडे होतं — असं मी स्वतःला कितीदा सांगितलं आहे. पण मग खोलीची कडी कशाला लावली होती मी?

मैदानावर तिनं बॅट दोनदा हलवून पाहिली.

"लई जाड लागून राहिली गं. बोटं पुरंनात."

"नवी हाय. बसंल हातात," मी म्हणाले.

तिसऱ्याच चेंडूला बॅट तिच्या मुठीत फिरली आणि झेल उडाला. निवड माझी झाली. परतताना एसटीत ती आपले पंजे उलटेसुलटे करून बघत होती. माझ्यावर संशय? छे! तिनं दोष दिला तो हातांना. पुन्हा ती खेळली नाही. मी खेळले, आणि त्याच जोरावर आज लातूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे.

गेल्या महिन्यात सुनंदा लेकीला घेऊन शाळेत आली. लेक सहावीत. बोलता बोलता पोरीनं स्टँडवरची एक बॅट उचलली — आणि कुणी न शिकवता अगदी बरोबर धरली.

"मावशी, मला शिकवशील?"

सुनंदा हसली. "नको गं बाय. आपल्या घरातले हातच लहान हायत. बॅट आपलं काम न्हाई. इचार की मावशीला, तिनं पाह्यलंय समदं."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर काय होईल, एवढंच डोक्यात गरगरत होतं. त्या दुपारी मी काय करत होते ते एकवेळ मला कळलं नसेल — पण त्या क्षणी मला सगळं कळत होतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

पोरीनं बॅट परत ठेवून दिली.